खर्जाला घुमणारी खोली

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून जवारी काढून (तारांखालची घोडी घासून नाद खुलवून) आणलेला तंबोरा काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावला. दुकानात चारही तारा सारख्या बोलत होत्या. घरी दहा बाय आठच्या खोलीत माइकसमोर छेडला, तर खर्जाची तार एकटीच अंगावर येते. स्वतःची गाणी घरीच रेकॉर्ड करायला निघालेला माणूस अशा वेळी माइकवर खापर फोडतो आणि त्याहून महाग माइक शोधू लागतो. माइक बिचारा जे ऐकतो तेच सांगत असतो. घोळ आठ फुटांच्या रुंदीत आहे.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या तरंगाची बरोबर अर्धी लांबी मावते, तो तरंग त्या दोघींमध्ये अडकतो आणि घुमत राहतो. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर. वेगाला रुंदीच्या दुपटीने भागलं की येतात सुमारे ७१ हर्ट्झ. काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झचा! घुमण्याची पुढची पायरी १४१ वर, आणि जोडीच्या (मधल्या दोन) तारा १३९ वर. खोलीच तंबोऱ्याचा दुसरा भोपळा होऊन बसली आहे, फक्त तो कुणी मापाने निवडलेला नाही. दहा बाय दहाची खोली आणि छतही दहा फुटांवर असेल तर आणखी वाईट, कारण तिन्ही दिशांचे घुमणारे स्वर एकाच जागी येऊन पडतात. घरात निवड करायला वाव असेल तर चौरस खोली सोडून द्यावी.

हे कानांनी पडताळता येतं. मोबाइलवरच्या टोन जनरेटरने ७१ हर्ट्झचा स्वर काढा, पण तो जरा मोठ्या स्पीकरवर वाजवा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला इतका खालचा स्वर झेपत नाही. स्पीकर भिंतीला लागून ठेवा आणि खोलीच्या रुंदीत सावकाश चाला. भिंतीशी स्वर गडगडतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. मग माइक मधोमधच ठेवावा का? नाही, कारण १४१ हर्ट्झ तिथेच जोरात असतो. रुंदीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे भिंतीपासून पावणेतीन फुटांच्या आसपास, दोन्ही स्वर मध्यम राहतात. फुकटात होणारी ही सुधारणा बहुतेक जण करत नाहीत.

वरच्या स्वरांचं दुखणं वेगळं. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की मागे जी झणझण उरते, ती गाण्यातले शब्द खाते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्याकडे असंच काम आलं होतं. तिथल्या फॉग संग्रहालयाच्या सभागृहात व्याख्यान कळतच नसे. त्यांनी शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यातून या वेळेचं सूत्र निघालं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. आपल्या दहा बाय आठ, दहा फूट उंच खोलीचं घनफळ २३ घनमीटर. नुसत्या गिलाव्याच्या खोलीत हा हिशेब कागदावर अडीच सेकंदांच्या घरात जातो. चांगलं शोषणारं सहा-सात चौरस मीटर साहित्य लावलं की तो अर्ध्या सेकंदावर येतो.

साहित्य म्हणजे अंड्यांचे ट्रे नव्हेत. पातळ पुठ्ठा फारसं काही शोषत नाही, भिंत तेवढी विचित्र दिसते. दोन इंची रॉकवूलच्या (दगडापासून काढलेल्या लोकरीच्या) स्लॅब लाकडी चौकटीत बसवून वर कापड ताणावं. कापड कुठलं चालेल? तोंडाशी धरून फुंकर मारा, आरपार गेली तर चालेल. सांगलीत हळदीचं मार्केट असल्यावर बारदानाला तोटा नाही आणि या कामाला ते झकास, फक्त पोत्यातली हळद नीट झटकून घ्या. रॉकवूल हाताळताना तोंडाला मास्क हवाच. घरातली कापसाची जाड गादी गाणाऱ्याच्या पाठीमागे उभी केली तरी फरक पडतो, कारण माइकचं तोंड त्याच बाजूला असतं. खर्जाला मात्र गादी पुरत नाही. ७१ हर्ट्झच्या तरंगाची लांबी पावणेपाच मीटरच्या पुढे जाते, तिच्यापुढे चार इंच कापूस म्हणजे काहीच नाही. तिथे जागाच बदलावी लागते.

या सगळ्याने बाहेरचा आवाज थांबत नाही, हेही ध्यानात असू द्या. त्याला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. उसाच्या हंगामात स्पीकर लावून जाणारा ट्रॅक्टर कुठलंही बारदान अडवणार नाही. दाराखालची फट रबराने बंद करा, पंखा बंद ठेवा, वेळ पाहून गा.

उरलेल्या सामानाबद्दल थोडक्यात. कंडेन्सर या नाजूक जातीच्या माइकला इंटरफेसमधून, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीतून, ४८ व्होल्ट द्यावे लागतात. शोषणारं साहित्य न लावलेल्या खोलीत, अशी वीज न लागणारा साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीची झणझण आहे तेवढीच राहते. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा. मग आवाज लाल रेषेला भिडवायची गरज नाही, सर्वांत मोठी तान उणे १० डेसिबलच्या आसपास राहिली तरी पुष्कळ.

आणि हेडफोन वायरचाच घ्या. इंटरफेसचा बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी साठवायचा गठ्ठा, २५६ नमुन्यांचा असेल तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाने आपला आवाज कानात यायला होणारा उशीर सहा मिलिसेकंदांहून कमी. तबलजी दोन मीटरवर बसला तर त्याचा ठेकाही तेवढाच उशिरा कानावर येतो. इंटरफेसमध्ये येता-जाता मिळून उशीर साधारण दुप्पट होतो, पण गाता येतं. ब्लूटूथमध्ये हाच उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पलीकडे सहज जातो, आणि मग सम हाताला लागत नाही.