आकारिकला ३६, संकलितला २७: मग मुलगी हुशार की कच्ची?

पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक घेऊन सातवीतल्या एका मुलीची आई पालकसभेत माझ्यासमोर येऊन बसली. गणिताच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “सर, आकारिकला ३६ अन् संकलितला २७. पोरगी हुशार म्हणायची का कच्ची?”

प्रश्न रास्त होता. आकारिक आणि संकलित या दोन प्रकारच्या मूल्यमापनांचे रकाने शेजारी शेजारी असतात, त्यामुळे पालक ते एकाच परीक्षेचे दोन भाग समजून वाचतात. त्यात ३६ हे ४० पैकी आणि २७ हे ६० पैकी. बेरीज ६३, श्रेणी ब-२. पण या बेरजेत खरी गोष्ट हरवते.

आधी आकारिक. वर्गात शिकवणं चालू असतानाच मूल कुठे अडतंय हे बघायचं आणि तिथल्या तिथे हात द्यायचा, म्हणून ते आकारिक. परिमेय संख्यांच्या पाठाला एका मुलाने फळ्यावर १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. वरचे वर, खालचे खाली, झाली बेरीज! मी विचारलं, “अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी एकतृतीयांश खाल्लीस. एकूण अर्धीपेक्षा जास्त की कमी?” “जास्त.” “मग पाचातले दोन भाग म्हणजे किती?” तो फळ्याकडे बघत राहिला. “सर, अडीच झाले असते तर अर्धी. हे तर कमीच भरतंय.” आणि डस्टर स्वतःच उचललं. माझ्या नोंदवहीत गेलं ते एवढंच: ‘छेद समान न करता बेरीज करतो.’ दुसऱ्या दिवशी वह्या बघितल्या तर आणखी चौघांचं तेच. मग सगळ्या वर्गाला कागदाच्या घड्या घालायला लावल्या.

हीच बेरीज सत्राच्या शेवटी पेपरात आली असती, तर लाल फुली पडली असती, गुण गेला असता आणि मुलं दिवाळीच्या सुट्टीला गेली असती. ते संकलित. सत्र संपताना पदरात काय पडलं त्याचा हिशेब. दुरुस्ती त्याच्या कामात बसत नाही.

गंमत अशी की साधन दोन्हीकडे एकच असू शकतं. दहा गुणांची घटक चाचणी लेखी असते, मुलं तिलाही ‘पेपर’ म्हणतात, तरी ती आकारिकच. तोंडी काम आकारिकच्या आठ साधनतंत्रांतही, म्हणजे मूल तपासायच्या ठरलेल्या आठ रीतींतही, आहे आणि संकलितातही: सातवी-आठवीच्या ६० गुणांत १० तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे, ५० लेखीचे. त्यामुळे ‘तोंडी म्हणजे आकारिक, लेखी म्हणजे संकलित’ ही स्टाफरूममधलीही लाडकी समजूत चुकीची. मी एकच गोष्ट बघतो: त्या उत्तरपत्रिकेमुळे उद्याचा माझा तास बदलणार आहे का?

राज्यात ही पद्धत २०१० मध्ये आली, शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, मग ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. म्हणजे मूल मोठं होईल तसं पारडं संकलितकडे झुकतं. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना मात्र शंभरच्या शंभर आकारिक. ‘पेपर नाही म्हणजे विषय नाही’ असं धरून हे तास परीक्षेच्या तोंडावर गणितवाले पळवतात. मीही पळवलेत.

आणि आकारिकला लोक ‘घरचे गुण’ का म्हणतात तेही सांगतो. सत्रभर कोरी राहिलेली नोंदवही सत्राअखेर एका बैठकीत भरली जाते. ‘अभ्यासात सातत्य हवे’, ‘वर्गात लक्ष देतो’ अशा तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात; चाळीस मुलांना आलटून पालटून चिकटवल्या की झालं. असं झालं की आकारिकचे ३६ काहीच सांगत नाहीत. पण हा दोष भरणाऱ्याचा, पद्धतीचा नव्हे.

नावांचा घोळ अलीकडे आणखी वाढलाय. शासनाकडून प्रश्नपत्रिका येतात त्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांतही ‘संकलित’ हे नाव आहे: आधी पायाभूत, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीची, मग संकलित १ आणि २. शिवाय डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. आठवीला दर विषयाला ६० गुण, पास व्हायला ३५ टक्के. मूल राहिलं तर पुनर्परीक्षा, तिथेही राहिलं तर त्याच वर्गात. तेव्हा आठवीच्या पालकांनी ‘आकारिक सांभाळून घेईल’ या भरवशावर राहू नये.

आता त्या मुलीचं. तिची उत्तरपत्रिका मी आईसमोर उघडली. पहिल्या दोन प्रश्नांत एकही चूक नव्हती. पट्टीने आखलेल्या रेघा, प्रत्येक पायरी नवीन ओळीवर, उत्तराला चौकट. शेवटचे दोन प्रश्न कोरे. वर्गात ती मला तोंडी पटापट उत्तरं देते, म्हणून आकारिक ३६. पेपरात देखणं लिहिता लिहिता घंटा होते, म्हणून संकलित २७. आई म्हणाली, “घरीबी तसंच. एक शुद्धलेखन लिहायला तास लावती.”

दुसऱ्या सत्रात तिच्या नावापुढे मी नवीन नोंद टाकली: ‘पाच उदाहरणे, पंधरा मिनिटे, घड्याळ समोर.’ पहिल्या आठवड्यात तीन झाली. चौकटी मात्र तिने सोडल्या नाहीत.