डाइव्हनंतर लगेच घाट का चढू नये?

नाशिकहून मालवणला गेलेली बरीच कुटुंबं सकाळी किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात स्कूबा करतात, प्रवाळ डोळे भरून पाहतात, माशाचं जेवण उरकतात आणि लगेच आंबोलीमार्गे परत निघतात. डाइव्हनंतर लगेच घाट चढू नका, असं जाणते पाणबुडे सांगतात. या सूचनेची सुरुवात समुद्रात झालेलीच नाही.

१८७०च्या दशकात अमेरिकेत पुलांचे पाये खोदायला मजूर नदीच्या तळाशी, दाबाखालची हवा भरलेल्या मोठ्या पेट्यांत उतरत. वर आल्यावर सांधे धरून वाकत, काहींना लकवा होई, काही दगावले. ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच दुखण्याने अंथरुणाला खिळले. १८७८मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर यांनी कारण दाखवलं: दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन, दाब झपाट्याने उतरला की बुडबुडे धरतो.

मग आल्या शेळ्या. ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी त्यांना दाबाच्या टाकीत ठेवलं. दाब घाईने उतरवला की शेळी पुढचा एक पाय उचलून धरी, जमिनीला टेकवीच ना. मुकं जनावर, पण दुखतंय कुठे ते दिसे. या सगळ्या इतिहासात मला तो अधांतरी पाय विसरता येत नाही. दाब निम्म्यावर येईपर्यंत सहसा त्रास होत नाही, हे त्यांनी ताडलं आणि १९०८मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं छापली. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. उथळ प्रवाळावर नवख्यालाही नेता येतं, त्याचं मूळ इथे आहे. पुढच्या संशोधनाने ही मर्यादा आणखी कडक केली.

आपण तोंडात धरतो तो, टाकीतली हवा श्वासापुरती सोडणारा रेग्युलेटर १९४३चा, जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांचा. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गॅसवर चालवायच्या मोटारींसाठी गान्यांनी केलेली झडप त्यात कामी आली.

आता घाट. समुद्रसपाटीला येऊन थांबलं तर कोष्टकांचा हिशेब जुळतो. पण आंबोली सुमारे ६९० मीटरवर, तिथे हवेचा दाब ८ टक्क्यांनी कमी. कानात दडे बसतात ते म्हणूनच. अंगात उरलेल्या नायट्रोजनलाही दाबातली ती घट जाणवते. आपलं नाशिकच ६०० मीटरच्या आसपास, त्यामुळे कोणताही रस्ता धरला तरी चढण चुकत नाही. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतात. पंधरा-वीस मिनिटांच्या उथळ डाइव्हनंतर धोका थोडाच, तरी घाटासाठीही मी तेवढेच तास धरते. स्कूबा पहिल्या दिवशी उरकावं, किल्ला दुसऱ्या दिवशी पाहावा आणि मग गाडी काढावी.