हाँगकाँगचा जानेवारी : बारा अंशांच्या थंडीमागचा इतिहास

हाँगकाँगची वेधशाळा २२ अंश १८ कला उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या जवळपास सव्वाशे किलोमीटर दक्षिणेला आहे. नकाशाच्या हिशेबाने हे शहर सरळ उष्ण कटिबंधात मोडते, तरीही हवामानशास्त्र त्याला उपोष्ण म्हणते. या विसंगतीचे कारण जानेवारी महिन्यात आहे. हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर क्योपेन यांच्या वर्गीकरणानुसार ज्या ठिकाणी वर्षातल्या सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तापमान १८ अंश सेल्सिअसच्या खाली जाते, ते ठिकाण उष्ण कटिबंधीय गटातून बाहेर पडते. हाँगकाँगच्या जानेवारीची १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी १६.५ अंश आहे. जवळजवळ त्याच अक्षांशावरच्या कोलकात्याचा जानेवारी याहून सुमारे तीन अंशांनी उबदार असतो. कोलकात्याच्या उत्तरेला हिमालयाची भिंत आहे, हाँगकाँगच्या उत्तरेला तसे काही नाही, आणि या शहराच्या हिवाळ्याची कथा बव्हंशी या एका फरकातून निघते.

इथली थंडी स्थानिक नसते, ती दुरून येते. हिवाळ्यात सायबेरिया आणि मंगोलियावर थंड, जड हवा साचून राहते आणि तिथे जास्त दाबाचे मोठे क्षेत्र तयार होते. हा साठा अधूनमधून दक्षिणेकडे सुटतो, चीनच्या मैदानांवरून वाहत येतो आणि एक-दोन दिवसांत दक्षिण किनाऱ्याला भिडतो. हाँगकाँगला लागून असलेल्या ग्वांगतुंग प्रांताच्या उत्तरेची नान लिंग पर्वतरांग त्याला थोडे अडवते, परंतु तिच्यातल्या खिंडी आणि सखल भाग वाट मोकळी ठेवतात. हवा कोणत्या वाटेने आली यावर पुढचे दिवस कसे जातील हे ठरते. थेट उत्तरेकडून डोंगर ओलांडून आलेली हवा कोरडी असते, आकाश निरभ्र होते आणि पारा रात्री भरभर उतरतो. तैवानच्या सामुद्रधुनीतून किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घालून आलेली हवा मात्र समुद्रावरचा ओलावा उचलून आणते, मग दिवसच्या दिवस ढगाळ जातात आणि बारीक पाऊस चालू राहतो. तापमापकावर दोन्ही वेळा ११ अंश दिसू शकतात. पण पहिली थंडी उन्हात बसून निभावता येते आणि दुसरी कपड्यांतून आत झिरपते, हे तिथे एक हिवाळा काढलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

वेधशाळा १८८३ मध्ये स्थापन झाली ती थंडीसाठी नव्हे. बंदरातल्या जहाजांना वादळांचा इशारा मिळावा, अचूक वेळ कळावी आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी व्हाव्यात, हे तिचे उद्देश होते. पहिले संचालक विल्यम डोबर्क हे डॅनिश खगोलशास्त्रज्ञ होते. कौलूनच्या चिम शा चुई भागातल्या एका टेकाडावर, त्या वेळी मोकळ्या असलेल्या जागेत, नियमित नोंदी १ जानेवारी १८८४ पासून सुरू झाल्या, म्हणजे शहराचा मोजलेला इतिहासच एका जानेवारीने उघडतो. वादळाच्या धोक्यासाठी १८८४ मध्येच तोफ डागण्याची पद्धत आली आणि १९१७ मध्ये आकड्यांचे संकेत आले. थंडीसाठी वेगळा इशारा देण्याची गरज मात्र यंत्रणेला पुढे एका शतकाहून अधिक काळ वाटली नाही, आणि यात नवल वाटण्यासारखे काही नाही, कारण वादळ जहाजे बुडवत होते आणि थंडीचे बळी अंधाऱ्या खोल्यांत, कोणाच्या लक्षात न येता जात होते.

असे असले तरी पहिला मोठा धक्का नोंदी सुरू झाल्यानंतर दहा वर्षांच्या आतच बसला. १८९३ च्या जानेवारीच्या मध्यावर थंड हवेचा एक प्रचंड लोट दक्षिण चीनवर उतरला आणि १८ जानेवारीला वेधशाळेच्या तापमापकावर ०.० अंशांची नोंद झाली. समुद्रसपाटीपासून जेमतेम तीस-बत्तीस मीटर उंचीवरच्या, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या कौलून द्वीपकल्पावरची ही नोंद आजही नीचांक म्हणून उभी आहे. हाँगकाँग बेटाच्या डोंगरावर परिस्थिती अधिक बिकट होती, तिथे गवत आणि झाडांच्या फांद्यांवर बर्फाचा थर चढला. या थंडीचे बारकाईने केलेले वर्णन हवामानाच्या दप्तरापेक्षा बागेच्या दप्तरातून अधिक मिळते. वनस्पती आणि वनीकरण विभागाचे अधीक्षक चार्ल्स फोर्ड यांनी कोणत्या झाडांचे काय झाले याचा तपशीलवार अहवाल लिहिला. उष्ण प्रदेशातून हौसेने आणून लावलेल्या झाडांवर गोठणाऱ्या पावसाचा मार कसा बसला, हा त्याचा विषय होता. वसाहतीच्या सरकारी कागदांत त्या दिवसांची इतकी सविस्तर आठवण झाडांची उरावी, गोदीतल्या हमालांची आणि होड्यांवर राहणाऱ्या कोळ्यांची त्या मानाने फारच थोडी उरावी, हे त्या काळाला धरूनच आहे.

चिनी पंचांग मात्र या तारखांना बरोबर ओळखत होते. वर्षाचे चोवीस भाग करणाऱ्या सौर गणनेत ५ जानेवारीच्या सुमारास ‘छोटी थंडी’ आणि २० जानेवारीच्या सुमारास ‘मोठी थंडी’ असे दोन टप्पे येतात. ही गणना घडली उत्तरेकडच्या पीत नदीच्या खोऱ्यात, त्यामुळे तिची बरीच नावे दक्षिण किनाऱ्यावर लागू पडत नाहीत. ‘छोटा हिमपात’ आणि ‘मोठा हिमपात’ ही हाँगकाँगमध्ये केवळ नावे आहेत. जानेवारीच्या बाबतीत मात्र जुने पंचांग आणि तापमापक यांचे अनेकदा जुळते. १८९३ चा नीचांक ‘मोठ्या थंडी’च्या उंबरठ्यावर आला आणि त्यानंतर सव्वाशे वर्षांनी आलेली गाजलेली लाटही तिच्या पाठोपाठच आली. उत्तरेचा वारा सुटला की खाण्यापिण्याचेही वेळापत्रक बदलते. डुकराच्या मांसाचे खारवलेले, हवेवर वाळवलेले सॉसेज कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत दुकानांतून लोंबू लागतात. मातीच्या भांड्यात भात शिजत आला की त्यावर त्यांचे तुकडे ठेवतात. त्यांची चरबी भातात उतरते आणि तळाशी खरपूस पापुद्रा धरतो. दमट उन्हाळ्यात हे वाळवण उघड्यावर साधणे अवघड असते. जानेवारीत सरासरी ३३ मिलिमीटर पाऊस पडतो आणि जूनमध्ये जवळपास ४९० मिलिमीटर, एवढे सांगितले तरी पुरे.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० ते १९४६ या वर्षांच्या नोंदींत खंड पडला. त्यानंतरच्या दशकांत थंडीच्या ज्या खुणा नोंदल्या गेल्या त्यांत ११ फेब्रुवारी १९५७ चे २.४ अंश आणि डिसेंबर १९७५ मध्ये ताय मो शानवर दिसलेला हिम या ठळक आहेत. ताय मो शान हे ९५७ मीटर उंचीचे तिथले सर्वोच्च शिखर आहे, आणि शहरात नुसता गारवा असताना त्याच्या माथ्यावर दव गोठलेले असू शकते. न्यू टेरिटरीजच्या, म्हणजे हाँगकाँगच्या उत्तरेकडच्या मुख्य भूमीवरच्या प्रदेशाच्या, आतल्या भागातही निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते, म्हणून तिथल्या शेतकऱ्यांसाठी दव गोठण्याचा वेगळा इशारा दिला जातो. कोरडा वारा डोंगरावरचे गवत वाळवतो आणि वणव्यांचा हंगाम सुरू होतो. १० फेब्रुवारी १९९६ रोजी पात सिन लेंगच्या डोंगरावर सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या गटाला वणव्याने गाठले आणि दोन शिक्षक व तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. तिथल्या हिवाळ्याची ही बाजू पर्यटकांसाठीच्या माहितीपत्रकांत सहसा येत नाही.

थंडीचा इशारा अखेर १९९९ मध्ये आला. ज्या दिवशी किमान तापमान १२ अंश किंवा त्याहून कमी असते तो वेधशाळेच्या हिशेबात ‘थंड दिवस’ ठरतो. उत्तर चीनमधल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल. परंतु इथली घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत: फरशीची जमीन, पातळ भिंती, एकेरी काचेच्या खिडक्या, थंड हवेचे यंत्र घरोघरी आणि उष्णतेची सोय जवळपास कुठेच नाही. बाहेर १० अंश असतील तर एकदोन दिवसांत आतही फारसे वेगळे राहत नाही. माणसे घरात जाड कोट घालून जेवतात आणि पांघरुणात शिरतानाही तो काढत नाहीत. जुन्या इमारतींत फळ्या ठोकून पाडलेल्या खोल्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांना हे दिवस सर्वांत जड जातात. इशारा लागू झाला की सरकार रात्रीची तात्पुरती निवारा केंद्रे उघडते आणि बंद खोलीत शेगडी पेटवू नका, म्हाताऱ्या शेजाऱ्यांची चौकशी करा, अशा सूचना दिल्या जातात. बारा हा आकडा आकाशापेक्षा घरांकडे पाहून घेतलेला आहे, असे मला वाटते.

या व्यवस्थेची लांब परीक्षा २००८ मध्ये झाली. २४ जानेवारी ते १६ फेब्रुवारी असे सलग २४ दिवस थंड दिवस ठरले, १९६८ नंतरचा हा सर्वांत दीर्घ काळ होता. त्याच आठवड्यांत दक्षिण चीनमध्ये हिम आणि गोठणाऱ्या पावसाने रेल्वे आणि वीज कोलमडली आणि चांद्र नववर्षासाठी गावी निघालेले लाखो लोक ग्वांगझौच्या स्थानकावर अडकून पडले. हाँगकाँगमध्ये एकाही दिवशी नीचांकाच्या जवळपास पारा गेला नाही. चटका बसला तो थंडी न उठल्यामुळे.

२०१६ ची लाट याच्या उलट, छोटी आणि तीव्र होती. रविवार, २४ जानेवारीला वेधशाळेत ३.१ अंशांची नोंद झाली, १९५७ नंतरची सर्वांत कमी. ताय मो शानच्या कठड्यांवर, गवताच्या पात्यांवर आणि तारांवर बर्फाचे कवच चढले. ते पाहायला शहरातून लोकांची रीघ लागली, त्याच डोंगरावरून शंभर किलोमीटरच्या धावण्याच्या स्पर्धेचा मार्ग जात होता आणि उताराचा रस्ता काचेसारखा निसरडा झाला होता. अडकलेल्या शंभराहून अधिक जणांना सोडवण्यासाठी गेलेले अग्निशमन दलाचे जवान स्वतःच घसरून पडत होते, काही जागी बसून सरकत उतरत होते. दुसऱ्या दिवशी बालवाड्या आणि प्राथमिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शहरात काही ठिकाणी पडलेल्या पांढऱ्या कणांना लोकांनी हिम म्हटले. वेधशाळेने ते बर्फाचे बारीक खडे असल्याचे सांगितले आणि अनेकांचा हिरमोड झाला. १८९३ मध्ये झाडांना मारणारा बर्फ १२३ वर्षांनी छायाचित्र काढण्याचा विषय झाला होता.

दरम्यान सरासऱ्या सरकत आहेत. १९६१ ते १९९० या काळात जानेवारीची सरासरी १५.८ अंश होती, १९८१ ते २०१० मध्ये ती १६.३ झाली आणि आता १६.५ आहे. यात जागतिक तापमानवाढीचा वाटा आहे आणि वेधशाळेभोवती उभ्या राहिलेल्या उंच इमारतींचाही. तिची १८८३ ची मूळ इमारत आणि तिच्या भोवतालची झाडी आज काँक्रीटच्या दाट वस्तीत वेढली गेली आहे. डिसेंबरची सरासरी आधीच्या तीस वर्षांच्या हिशेबात १७.९ होती, ती आता १८.२ झाली, म्हणजे त्या महिन्याने क्योपेनची रेषा ओलांडली. फेब्रुवारी १७.१ वर आहे. हाँगकाँगला उपोष्ण म्हणवणारे हे दोनच महिने उरले आहेत, आणि त्यांतल्या जानेवारीला ती रेषा गाठायला अजून दीड अंश बाकी आहे.