हॉटेलचे बुकिंग आणि राइडची रांग
ऑर्लँडोला जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ऑर्लँडोची सहल ठरवताना बहुतेक कुटुंबे विमानाची तिकिटे आणि व्हिसा यांत गुंततात आणि हॉटेलचा विषय शेवटी येतो. "दिवसभर बाहेरच असणार, रात्री फक्त झोपायला तर जायचंय," हे वाक्य आमच्या टेबलासमोर नेहमी ऐकू येते. इतर शहरांत ते पुष्कळदा खरेही असते. फ्लोरिडातल्या या दोन मोठ्या थीम पार्क समूहांत मात्र तुम्ही कुठे उतरता, यावर तुम्ही रांगेत किती उभे राहाल हे बरेचसे ठरते. म्हणून हॉटेल ठरवण्यापूर्वी हे पत्रक शांतपणे वाचा, अशी आमची विनंती आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आणि युनिव्हर्सल ऑर्लँडो या दोघांच्याही जाहिरातींत "हॉटेलच्या पाहुण्यांना खास सवलत" असे लिहिलेले असते, पण दोन्ही सवलतींचा प्रकार पूर्ण वेगळा आहे. डिस्नेच्या हॉटेलात उतरल्यावर तुम्हाला राइडची वेळ इतरांच्या आधी निवडण्याचा हक्क मिळतो. त्या वेळेचे पैसे वेगळे द्यावे लागतात. युनिव्हर्सलच्या ठरावीक हॉटेलांत उतरल्यावर रांग टाळण्याचा पासच खोलीच्या भाड्यात मिळतो. या दोन्हींची गल्लत झाली की पैसे चुकीच्या जागी जातात.

राइडला दोन रांगा का असतात

मोठ्या राइडच्या दाराशी दोन वाटा दिसतात. एक सर्वांसाठीची नेहमीची रांग, जिच्यासाठी प्रवेश तिकिटाशिवाय काहीच लागत नाही. दुसरी पास असणाऱ्यांची. पुढे कुठेतरी या दोन्ही वाटा एकत्र येतात आणि तिथला कर्मचारी कुठल्या बाजूने किती माणसे सोडायची ते ठरवतो. पासच्या बाजूची माणसे जास्त सोडली जातात, म्हणून ती रांग झरझर सरकते आणि नेहमीची रांग तेवढी खोळंबते.

पासमुळे राइडवरच्या जागा वाढत नाहीत. एका तासात जितकी माणसे बसू शकतात तितकीच बसतात, फक्त त्यातल्या बऱ्याच जागा आधी वाटून दिलेल्या असतात. त्यामुळे लोकप्रिय राइडच्या वेळा संपतात आणि एकदा संपल्या की पैसे मोजायची तयारी असूनही मिळतीलच असे नाही. आधी निवडण्याच्या हक्काला किंमत आहे ती याचमुळे.

डिस्ने: आधी निवडण्याचा हक्क

नातेवाइकांनी काही वर्षांपूर्वी दिलेला सल्ला इथे उपयोगी पडणार नाही. २०१४ ते २०२० या काळात फास्टपास प्लस नावाची मोफत सोय होती आणि हॉटेलचे पाहुणे ६० दिवस आधी तर बाकीचे ३० दिवस आधी वेळा ठरवत. ती बंद झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी पैसे देऊन घ्यायची जीनी प्लस आली आणि २४ जुलै २०२४ पासून लायटनिंग लेनची, म्हणजे डिस्नेच्या पासवाल्या रांगेची, आजची रचना सुरू झाली.

या रचनेत दोन मुख्य पास आहेत. मल्टी पासमध्ये एका उद्यानातल्या तीन राइडच्या वेळा आधी निवडता येतात. सिंगल पास हा एकाच, फार मागणी असलेल्या राइडसाठी वेगळा घ्यावा लागतो. मॅजिक किंगडममधली ट्रॉन, एप्कॉटमधली कॉस्मिक रिवाइंड, हॉलिवूड स्टुडिओजमधली राइज ऑफ द रेझिस्टन्स आणि अ‍ॅनिमल किंगडममधली फ्लाइट ऑफ पॅसेज या अशा राइड. असे सिंगल पास एका दिवसात जास्तीत जास्त दोन घेता येतात. दोन्ही पासांचे दर उद्यान आणि तारीख यांनुसार बदलतात आणि गर्दीच्या दिवसांत चढतात. प्रीमियर पास नावाचा तिसरा, बराच महाग पास आहे. त्यात वेळा न ठरवता लायटनिंग लेन असलेल्या प्रत्येक राइडला एकदा जाता येते. चारही उद्याने सावकाश बघणाऱ्या कुटुंबांना तो आम्ही सहसा सुचवत नाही.

आता हॉटेलचा भाग. डिस्नेच्या हॉटेलातला पाहुणा चेक-इनच्या ७ दिवस आधी आपल्या सबंध मुक्कामाच्या वेळा एकदम निवडू शकतो, मुक्काम १४ दिवसांपर्यंत असला तरी. बाहेर उतरलेल्याला मात्र प्रत्येक दिवसासाठी वेगवेगळे, त्या दिवसाच्या फक्त ३ दिवस आधी बुकिंग करता येते.

समजा तुमचा मुक्काम १० मे ते १६ मे आहे. ३ मे रोजी तुमच्यासाठी रेल्वे आरक्षणासारखी खिडकी उघडते आणि त्याच बैठकीत १० पासून १६ तारखेपर्यंतचे सगळे दिवस भरता येतात. १५ मेसाठी बाहेरच्या पाहुण्याची खिडकी उघडेल १२ मे रोजी. म्हणजे त्या दिवसासाठी तुम्ही त्याच्या ९ दिवस पुढे आहात. पण तुमच्या पहिल्या दिवसाचे चित्र वेगळे असते. ५ किंवा ६ मेला आलेल्या आणि १० तारखेलाही तिथेच असणाऱ्या हॉटेल-पाहुण्यांनी आपल्या वेळा तुमच्या आधीच घेऊन ठेवलेल्या असतात. जसजसे मुक्कामाच्या शेवटाकडे जाल तसतसे तुमच्या पुढे असलेले लोक कमी होत जातात, कारण तुमच्या आधी आलेले बहुतेक तोवर घरी परतलेले असतात.

म्हणून आमचा ठाम सल्ला: ज्या राइडसाठी तुमची मुले महिनोन्‌महिने वाट पाहत आहेत ती मुक्कामाच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत ठेवा. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो, झोपेचे चक्र उलटे झालेले असते. त्या दिवशी हलके उद्यान घ्या. हे गणित हॉटेलच्या सवलतीचा सगळ्यात मोठा फायदा करून देते आणि याला जास्तीचा एक डॉलरही लागत नाही.

खिडकी ऑर्लँडोच्या सकाळी ७ वाजता उघडते. भारतात तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे येतात. त्या मधल्या काळात भारतातली वेळ संध्याकाळी साडेपाच अशी धरा. कुटुंबातल्या एकाने त्या दिवशी फोन घेऊन निवांत बसता येईल अशी सोय करा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आदल्या दिवशीच चालू करून ठेवा, कारण ऐन वेळी पैसे अडकले की निवडलेली वेळ हातची जाते.

अ‍ॅपमधली जोडणी

हा भाग किरकोळ वाटतो, पण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. डिस्नेच्या अ‍ॅपला तुम्ही हॉटेलचे पाहुणे आहात हे आपोआप कळत नाही. त्यासाठी हॉटेलच्या बुकिंगचा क्रमांक अ‍ॅपमधल्या तुमच्या खात्याला जोडावा लागतो. एजंटमार्फत किंवा एखाद्या संकेतस्थळावरून बुकिंग केले असेल तर तुमच्या पावतीवर त्यांचा स्वतःचा क्रमांक असतो. तो इथे चालत नाही, डिस्नेकडचा क्रमांक लागतो. आमच्याकडून बुकिंग केलेल्या ग्राहकांना आम्ही दोन्ही क्रमांक लेखी देतो. दुसऱ्या कुठून केले असेल तर डिस्नेकडचा क्रमांक आजच मागून घ्या, खिडकी उघडायच्या दिवसाची वाट पाहू नका.

क्रमांक जोडून झाला की प्रवेश तिकिटे जोडा आणि ती कुटुंबातल्या प्रत्येकाच्या नावावर आहेत ना ते पाहा. तिकीट नसेल तर पास मिळत नाही. ३ वर्षांखालील मुलांना प्रवेश तिकीट लागत नाही आणि लायटनिंग लेनही लागत नाही.

मुलांची उंची घरीच, बूट घालून मोजा. ट्रॉनला १२२ सेंटिमीटर लागतात, फ्लाइट ऑफ पॅसेजला ११२, कॉस्मिक रिवाइंडला १०७, राइज ऑफ द रेझिस्टन्सला १०२ आणि स्लिंकी डॉग डॅशला ९७. दाराशी पट्टी लावून मोजतात आणि बोटभर कमी पडले तरी सोडत नाहीत, मग पास असो वा नसो. घेतलेल्या पासचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून हे आधी पाहणे महत्त्वाचे. लहान मूल असेल तर राइडच्या दाराशी "रायडर स्विच" मागा. एक पालक राइड करतो, दुसरा मुलाजवळ थांबतो, मग दोघे अदलाबदल करतात आणि दुसऱ्याला पुन्हा सुरुवातीपासून लांब रांगेत उभे राहावे लागत नाही.

काही उद्यानांत मल्टी पासच्या राइड दोन गटांत विभागलेल्या आहेत. तिथे आधी निवडायच्या तीनपैकी जास्त मागणीच्या गटातली एकच घेता येते. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये आमच्या बहुतेक कुटुंबांची ती एक निवड स्लिंकी डॉग डॅश असते आणि ती योग्यच आहे, कारण तिची नेहमीची रांग सकाळपासूनच लांब असते. प्रत्येक वेळ एका तासाची असते, त्या तासात केव्हाही गेलात तरी चालते. पहिली राइड वापरून झाली की लगेच अ‍ॅप उघडून पुढची निवडा. तेव्हा गटांचे बंधन उरत नाही. म्हणून पहिली वेळ शक्य तितकी सकाळची ठेवा. दुपारी दोनची घेतली तर तोवर चौथी निवडताच येत नाही आणि निम्मा दिवस वाया जातो. निवडलेली वेळ नंतर बदलता येते, जागा शिल्लक असली तर. तुमच्याच वेळेत राइड बंद पडली तर पास बुडत नाही, अ‍ॅपमध्ये तो त्याच दिवशी पुढे वापरता येईल असा बदलून दिसतो.

महागडे हॉटेल घ्यावे का

डिस्नेच्या बाबतीत, निव्वळ राइडसाठी, नाही. ७ दिवस आधीचा हक्क ऑल-स्टार किंवा पॉप सेंच्युरीसारख्या सगळ्यात स्वस्त श्रेणीलाही तोच आहे आणि सर्वात महागड्या हॉटेललाही तोच. रोज सकाळी कुठल्याही उद्यानात अर्धा तास आधी मिळणारा प्रवेशही सर्व श्रेणींना सारखाच आहे. हा अर्धा तास आम्हाला फार मोलाचा वाटतो. तो नीट वापरला तर एक मोठी राइड पास न घेता उरकते, फक्त त्यासाठी त्याआधीच फाटकावर हजर असावे लागते. चेक-इनच्या दिवशी खोली दुपारी मिळाली तरी हा हक्क सकाळपासून चालतो. सामान हॉटेलवर ठेवा आणि निघा.

महागड्या डिलक्स श्रेणीला मिळणारी जास्तीची सोय म्हणजे काही ठरावीक रात्री एप्कॉट आणि मॅजिक किंगडममध्ये बंद होण्याच्या वेळेनंतर आणखी दोन तास. मुले मोठी असतील, रात्री जागू शकत असतील तर तेव्हा रांगा खूप आखूड असतात. पाच वर्षांच्या मुलासाठी त्याचा काही उपयोग नाही.

युनिव्हर्सल: पासच हाती

इथे नेमके उलटे आहे, हॉटेलची श्रेणीच सगळे ठरवते. लोज पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक हॉटेल आणि लोज रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत उतरणाऱ्या, खोलीच्या नोंदीत नाव असलेल्या प्रत्येकाला युनिव्हर्सल एक्सप्रेस अनलिमिटेड पास भाड्यातच मिळतो. वेळा ठरवायच्या नाहीत, अ‍ॅपमध्ये शोधायचे नाही. युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर या दोन उद्यानांत, पास चालणाऱ्या राइडवर पाहिजे तितक्या वेळा जाता येते. प्रवेश तिकीट मात्र वेगळे घ्यावे लागते. पास म्हणजे प्रवेश नव्हे.

कबाना बे, अव्हेंचुरा, सॅफायर फॉल्स, एंडलेस समर ही युनिव्हर्सलचीच हॉटेले आहेत, चांगलीही आहेत, पण त्यांच्या भाड्यात हा पास नाही. २२ मे २०२५ रोजी उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या युनिव्हर्सलच्या उद्यानातही हॉटेलचा हा मोफत पास चालत नाही, तुम्ही वरच्या तीनपैकी एका हॉटेलात असलात तरी. एपिकला लागून असलेले हेलिओस ग्रँड दिसायला राजेशाही आहे आणि तिथून उद्यानात थेट दार आहे, पण तेही या तीन हॉटेलांत मोडत नाही. हॅलोविन हॉरर नाइट्ससारख्या वेगळ्या तिकिटाच्या रात्रींनाही हा पास लागू नाही.

पास चेक-इनच्या दिवसापासून चेक-आउटच्या दिवसापर्यंत चालतो. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामात दोन पूर्ण दिवस मिळतात. सकाळी पोहोचा, सामान ठेवा, लॉबीतून पास घ्या आणि बोटीने किंवा पायी उद्यानात जा. खोली दुपारी मिळेल. दुसऱ्या दिवशी खोली सोडून सामान पुन्हा ठेवायला द्या आणि संध्याकाळपर्यंत फिरा. चार-पाच जणांच्या कुटुंबाने हाच पास सुटा विकत घेतला तर गर्दीच्या दिवसांत त्याची रक्कम या हॉटेलच्या एका रात्रीच्या भाड्यापेक्षा जास्त होऊ शकते. म्हणून आम्ही पुष्कळदा असे सुचवतो की बाकीच्या रात्री स्वस्त हॉटेलात काढा आणि जुन्या दोन उद्यानांसाठी एक रात्र रॉयल पॅसिफिकला ठेवा. दोघेच जात असाल तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तो आम्ही तुमच्या तारखांवर करून देतो.

कोणाला याची गरज नाही

नाताळ ते नवे वर्ष, फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा, मार्च-एप्रिलमधल्या तिथल्या शाळांच्या सुट्ट्या, नोव्हेंबरमधला थँक्सगिव्हिंग, या काळात जात असाल तर हॉटेलची सवलत घ्याच. शांत काळात, शाळा चालू असताना, दोन-तीन वर्षांच्या बाळाला घेऊन जात असाल तर बाहेरचे हॉटेल आणि सकाळी लवकर पोहोचण्याची सवय पुरेशी आहे. आजी-आजोबा सोबत असतील तर आम्ही राइडच्या हिशेबाआधी चालण्याच्या अंतराचा विचार करतो आणि उद्यानाजवळचे हॉटेल सुचवतो, मग पास मिळो वा न मिळो.

दुसऱ्या कुणाच्या नावाचा पास स्वस्तात देतो असे कोणी सांगितले तर घेऊ नका. हे पास दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत आणि दाराशी अडवले तर पैसे बुडतात.

आम्हाला काय कळवाल

प्रत्येकाचे वय, दहा वर्षांखालील मुलांची उंची सेंटिमीटरमध्ये, पोहोचण्याची आणि निघण्याची तारीख, आणि घरातल्या प्रत्येकाने मनापासून सांगितलेली एकेक राइड. एवढ्यावरून कोणत्या दिवशी कोणते उद्यान, कोणते हॉटेल किती रात्री आणि बुकिंगची खिडकी कोणत्या दिवशी किती वाजता उघडेल, याचा तक्ता आम्ही हॉटेलचे पैसे भरण्यापूर्वीच तुमच्या हातात देतो. तक्ता पाहून हॉटेल बदलावेसे वाटले तर मोकळेपणाने सांगा.