‘हा टाइपरायटर नाही’: लिनक्सवरच्या नेटवर्क आणि एन्क्रिप्शनच्या अडचणींची पूर्वपीठिका

जीपीजीने (पूर्ण नाव जीएनयूपीजी, फाइली कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम) एखादी फाइल उलगडायला घ्यावी आणि टर्मिनलवर ‘इनअप्रोप्रिएट आयोक्टल फॉर डिव्हाइस’ असे उमटावे, हा प्रकार लिनक्स लॅपटॉप वापरणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो. वाचून काहीच बोध होत नाही. फाइल समोर आहे, किल्ली जागेवर आहे, मग हे ‘डिव्हाइस’ मध्येच कुठून आले? या त्रुटीचे आतले नाव ‘ई-नॉट-टीटीवाय’. जुन्या युनिक्सवर तिचा मजकूर होता ‘नॉट अ टाइपरायटर’, म्हणजे हा टाइपरायटर नाही! संगणकाला टेलिटाइप यंत्रे जोडलेली असत त्या काळातले हे वाक्य. घडलेले असते इतकेच, की पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा पासवर्ड, विचारणाऱ्या पिनएंट्री या छोट्या प्रोग्रॅमला प्रश्न कोणत्या टर्मिनलवर विचारायचा हे समजलेले नसते. ‘जीपीजी_टीटीवाय’ या व्हेरिएबलमध्ये चालू टर्मिनलचे नाव भरले की काम होते.

पूर्वी जीपीजी पासफ्रेज स्वतःच विचारत असे. नोव्हेंबर २०१४ मध्ये जीएनयूपीजी २.१ आले आणि गुप्त किल्ल्या सांभाळण्याचे सगळे काम एजंट या मागे चालणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे गेले. विचार रास्त होता, किल्लीला जितके कमी हात लागतील तितके बरे. पण जुनी १.४ आवृत्ती आणि नवी आवृत्ती एकाच लॅपटॉपवर नांदत असल्या, की नवीत तयार केलेली किल्ली जुनीला दिसत नाही आणि माणूस ‘किल्ली गेली’ म्हणून हबकतो. किल्ली कुठेही गेलेली नसते, तिचे घर बदललेले असते. लिनक्सवरच्या अशा बहुतेक तक्रारींच्या मुळाशी कुणीतरी, कधीतरी, विचारपूर्वक घेतलेला एखादा निर्णय सापडतो. तो कोणत्या काळातला हे ओळखता आले, तर निम्मा शोध संपतो.

वायफायचेच बघा. ८०२.११बी मानक १९९९ मध्ये आले, लॅपटॉपमध्ये वायफाय रुळू लागले, पण अनेक चिप-उत्पादक आपल्या चिपची तांत्रिक माहिती उघड करायला तयार नव्हते. मग एनडीआयएसरॅपर नावाची अजब युक्ती निघाली: विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हरच उचलायचा आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, चालवायचा. चालला तर चालला, नाहीतर अख्खे यंत्र गोठायचे. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी काही स्वयंसेवकांनी लांबचा रस्ता धरला. एका गटाने मूळ ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते याचे टिपण तयार केले, दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरला हात न लावता केवळ त्या टिपणावरून नवा ड्रायव्हर लिहिला. २००६ मध्ये तो २.६.१७ या कर्नलमध्ये दाखल झाला. तरी चिपच्या आत चालणारे फर्मवेअर कंपनीच्याच मालकीचे राहिले. ते वाटायचा परवाना नाही, म्हणून वापरणाऱ्याने कंपनीच्या ड्रायव्हरमधून ते स्वतः कापून काढायचे. त्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ते फर्मवेअर हवे! या चक्रात सापडलेल्यांना शेजारच्या संगणकाचे आणि पेन ड्राइव्हचे मोल वेगळे सांगायला नको.

ब्रॉडकॉमने २०१० मध्ये नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने (तयार संचाने) मात्र ‘मुक्त नसलेले’ फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवण्याचा कटाक्ष आणखी बरीच वर्षे पाळला. २०२२ मध्ये विकसकांचे मतदान झाले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्ये आले. तत्त्व म्हणून मला जुनी भूमिका पटायची, इन्स्टॉल करायला बसल्यावर मात्र कधीच पटली नाही. वायफाय मुळीच दिसत नसेल तर आजही सर्वांत आधी कर्नलचा लॉग उघडावा. फर्मवेअरची फाइल सापडली नाही, तर तसे तिथे स्पष्ट लिहिलेले असते.

याच काळात एकावर एक थर चढत गेले. २००४ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर सुरू केला, २००७ मध्ये कर्नलमध्ये वायफायचा सामाईक पाया आला, पासवर्डची देवाणघेवाण डब्ल्यूपीए-सप्लिकंट बघू लागला, पुढे नावांवरून पत्ते शोधण्याचे काम अनेक वितरणांत सिस्टमडी-रिझॉल्व्हडकडे गेले. २०१३ पासून सिस्टमडीने, म्हणजे यंत्र सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेने, नेटवर्क कार्डांची नावेही बदलली. दोन कार्डे असली तर कर्नलला आधी कोणते सापडेल याचा नेम नसे, म्हणून ‘ईटीएच०’च्या जागी कार्डाच्या जागेवरून ठरणारी ‘ईएनपी३एस०’ अशी नावे आली. जुन्या सूचना जशाच्या तशा उतरवल्या की फसतात त्या इथे. ‘वायफाय जोडलेले दिसते, पण नेट नाही’ ही तक्रार यांतल्या कोणत्याही थराची असू शकते. अंकी पत्त्याला पिंग (उत्तर येते का हे पाहणारा चाचणी-संदेश) जातो आणि नावाला जात नाही, एवढे तपासले तरी खालचे बरेच थर संशयातून सुटतात.

एन्क्रिप्शनची कथा वेगळी, तिथे अडथळा कायद्याचा होता. १९९० च्या दशकात अमेरिकेचे निर्यात-नियम सक्षम एन्क्रिप्शनला युद्धसामग्रीत मोजत. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हा एन्क्रिप्शनचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, त्याच्या प्रती देशाबाहेर पोचल्या आणि त्यांच्यामागे फौजदारी चौकशी लागली. ती १९९६ मध्ये आरोपपत्राविनाच थांबली. दरम्यान पीजीपीचा सगळा सोर्स कोड पुस्तक म्हणून छापला गेला, कारण छापील पुस्तक देशाबाहेर न्यायला आडकाठी नव्हती. जीएनयूपीजी जर्मनीत, वेर्नर कोख यांच्या हातून घडले, तेही याच पार्श्वभूमीवर. डेबियनला एन्क्रिप्शनची पॅकेजेस अमेरिकेबाहेरच्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवावी लागत. २००० मध्ये नियम सैलावले आणि २००२ च्या डेबियन ३.० मध्ये ती मुख्य संग्रहात आली. कर्नलमध्येही तोवर एन्क्रिप्शन बाहेरचा पॅच लावूनच मिळे. डिस्क कुलूपबंद करणारे डीएम-क्रिप्ट कर्नलमध्ये आले ते २००४ मध्ये, त्याच्या जोडीला अशा डिस्कच्या किल्ल्या सांभाळणारे लक्स आले.

घर बांधून झाल्यावर कुलपे बसवली, त्यामुळे काही दारे अजून नीट मिटत नाहीत. लक्सची दुसरी पिढी डिसेंबर २०१७ मध्ये आली. ती पासफ्रेजपासून किल्ली घडवायला आर्गॉन२ ही पद्धत वापरते. संगणक सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या ग्रबच्या २०२१ मधल्या २.०६ आवृत्तीला लक्स२ समजते, आर्गॉन२ समजत नाही. बूट विभागही कुलूपबंद ठेवणाऱ्याने पासफ्रेज कितीही अचूक दिली तरी तिथे दार उघडत नाही. तो बिचारा कीबोर्ड तपासत बसतो.

दोन्ही प्रवाह एकत्र येतात ते वायफायच्या पासवर्डपाशी. वेप ही पहिली पद्धत २००१ मध्येच मोडीत निघाली, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आली. मोठ्या संस्थांत मात्र सामाईक पासवर्डऐवजी प्रत्येकाचे खाते असते आणि ओळख पटवण्याचे काम टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या नियमांवर चालते, म्हणजे लॅपटॉपवर अनेकदा ते नियम राबवणाऱ्या ओपनएसएसएलवर. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू या वितरणाच्या २२.०४ आवृत्तीत ओपनएसएसएल ३ आले आणि अशी काही नेटवर्के एका रात्रीत जोडेनाशी झाली. पासवर्ड तोच, फोनवर सगळे सुरळीत, लॅपटॉप तेवढा नकार देतो. लॉगमध्ये ओळ असते: ‘अनसेफ लेगसी रिनेगोशिएशन डिसेबल्ड’. टीएलएसमधली ही रिनेगोशिएशनची (चालू जोडणीच्या अटी पुन्हा ठरवण्यातली) चूक २००९ मध्ये उघड झाली, फेब्रुवारी २०१० मध्ये दुरुस्तीचे मानकही निघाले. पलीकडच्या सर्व्हरने ते बारा वर्षे लावलेले नसते, आणि ओपनएसएसएल ३ ने तशा सर्व्हरशी बोलणे डीफॉल्टनेच बंद केलेले असते. लॅपटॉपच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ घालून जुने वागणे परत आणता येते. बहुतेक जण तेच करतात, कारण सर्व्हर त्यांच्या हातात नसतो.