चष्म्याच्या बिलात नेमकं काय काय असतं? (आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार मंडळी,

काउंटरवर रोज कोणीतरी विचारतंच, की दादा एवढीशी फ्रेम आणि दोन काचा, मग साडेचार हजार कसले? प्रश्न एकदम बरोबर आहे, पण संध्याकाळच्या गर्दीत उभ्या उभ्या त्याचं नीट उत्तर देता येत नाही म्हणून हे पत्रक छापलंय, घरी नेऊन निवांत वाचा.

आधी एमआरपी. सगळे टॅक्स धरून त्याच्या वर विकता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. फ्रेम बनवायला किती खर्च आला आणि स्टिकरवर किती आकडा छापायचा याला काही बंधन नाही, कंपनीला वाटेल तो छापते. काही वस्तूंना असं बंधन असतं, उदाहरणार्थ हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या स्टेंटच्या किमती सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये बांधून दिल्या, औषधाचा लेप असलेला स्टेंट टॅक्स सोडून 29,600 वर आला, त्याआधी लोकांनी त्याचेच लाखाच्या वर मोजलेत. फ्रेमला असं काहीच नाही, त्यामुळे 4,000 चा स्टिकर आणि वर 'फिफ्टी परसेंट ऑफ' बघून आपले 2,000 वाचले असं धरू नका, तशीच साधी फ्रेम दुसरीकडे किती आहे ते बघा.

आता ब्रँडचं. इटलीत लक्झोटिका नावाची कंपनी 1961 ला सुरू झाली, तिने 1999 ला रे-बॅन विकत घेतला, 2007 ला ओकली, शिवाय प्राडा, शनेल, वर्साची या नावांच्या फ्रेमही लायसन्स घेऊन तीच बनवत आलीय, आणि 2018 मध्ये ती लेन्सवाल्या फ्रेंच एसिलॉर कंपनीबरोबर एक झाली. म्हणजे शोकेसमध्ये पाच नावं शेजारी शेजारी दिसतात पण मागे बऱ्याचदा घर एकच असतं. काडीवरच्या नावाचे, जाहिरातीचे आणि मॉलच्या भाड्याचे पैसे तुमच्याच बिलात येतात. नाव आवडतं म्हणून घेतलं तर काहीच हरकत नाही, आम्हीही विकतो, पण त्याने अक्षर जास्त स्वच्छ दिसत नाही हे माहीत असू द्या.

आमचंही सांगतो, लपवायचं कशाला. फ्रेम आम्ही साधारण खरेदीच्या दुप्पट भावाने विकतो. त्यातूनच भाडं, डोळे तपासणाऱ्या मॅडमचा पगार, मशीनचा मेंटेनन्स, आणि सहा सहा महिने ट्रेमध्ये पडून राहणारा माल, हे सगळं निघतं. त्याच्या वर आम्ही जात नाही.

मागच्या पावसाळ्यात कळव्याहून एक ताई मुलाला घेऊन आल्या, आठवीतला मुलगा, मायनस साडेचार नंबर, नवीन महागडा चष्मा घातला की डोकं दुखतं म्हणून तो रडकुंडीला आलेला. चष्मा दुसरीकडचा होता. लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या मशीनवर, लावला तर नंबर अगदी बरोबर. मग दोन्ही काचांवर सेंटरला शाईचे ठिपके मारून पट्टीने मोजलं तर अंतर 68 मिलीमीटर, आणि पोराच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर भरलं 62. फ्रेम झकास होती, पण फिटिंग करताना कोणी पीडीच, म्हणजे हे बाहुल्यांमधलं अंतर, मोजला नव्हता आणि जाड नंबरला एवढा फरक डोळ्यांना सोसत नाही. त्याच फ्रेममध्ये त्याच नंबरच्या साध्या काचा नीट बसवून दिल्या, दुसऱ्या आठवड्यात ताईंचा फोन आला की आता दुखत नाही. म्हणून आमचं कळकळीचं सांगणं आहे, पैसे कमी असतील तर फ्रेममध्ये वाचवा, तपासणी आणि फिटिंगमध्ये नको. नंबरच्या कागदावर पीडी लिहून मागा आणि तो कागद स्वतःजवळ ठेवा, चष्मा आमच्याकडे करा नाहीतर कुठेही.

लेन्सच्या बाबतीत पण जास्तीचं गळ्यात मारलं जातं. मायनस दोनला 1.67 इंडेक्सची पातळ काच लागत नाही (हा आकडा जेवढा जास्त तेवढी काच पातळ), 1.56 पुरते. लहान मुलांना मात्र पॉलीकार्बोनेटच घ्या, सहजासहजी फुटत नाही, तिथे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. ब्लू कट, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारी काच, याबद्दल सगळे विचारतात. 2023 मध्ये कॉक्रेन या संस्थेने सतरा प्रयोग एकत्र तपासले, त्यात कॉम्प्युटरवर डोळे थकण्यावर त्याचा साध्या काचेपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही. तुम्ही मागितलं तर लावून देऊ, आम्ही स्वतःहून आग्रह करणार नाही. अँटीग्लेअर मात्र रात्री घोडबंदर रोडला गाडी चालवणाऱ्यांनी जरूर घ्यावं, समोरच्या हेडलाइटचं काचेवरचं चमकणं कमी होतं.

तलावपाळीला फुटपाथवरून घेतलेला गॉगल असेल तर घेऊन या, काच नुसती काळी आहे की यूव्ही, म्हणजे उन्हातली डोळ्यांना अपायकारक किरणं, अडवते ते मीटरवर बघून देतो, पैसे घेत नाही. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि काच यूव्ही अडवत नसेल तर ही किरणं उलट जास्त आत जाऊ शकतात.

बिल आमच्याकडे चार ओळींचं मिळेल, फ्रेम, लेन्स, कोटिंग, फिटिंग वेगवेगळं. जीएसटी नंबरच्या चष्म्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे, आधी 12 होता, तेव्हा जुन्या रेटने कोणी लावला तर विचारा. चाळिशी नवीन लागली असेल तर आधी दोन दिवस आमचा ट्रायलचा चष्मा घरी नेऊन पेपर वाचून बघा, जमला तरच ऑर्डर द्या. काडी तुटली, नाकाचं पॅड पिवळं पडलं, स्क्रू हरवला, तर जुना चष्मा फेकू नका, घेऊन या, बहुतेक वेळा दहा मिनिटांत होतं.