एमबीएच्या विद्यापीठाचे निकष आले कुठून?

एमबीएसाठी विद्यापीठ निवडायला बसलं की चार गोष्टी आधी समोर येतात: रँकिंग, जीमॅट या प्रवेश परीक्षेतल्या गुणांची सरासरी, मानांकन (बाहेरच्या संस्थेने दर्जा तपासून दिलेली मान्यता) आणि प्लेसमेंट. यातले बहुतेक निकष विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्माला आले नाहीत. तेव्हा कुणाला तरी वेगळीच अडचण सोडवायची होती. ती अडचण कळली, की त्या आकड्यावर किती विसंबायचं तेही कळतं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८८१ साली व्हार्टन स्कूल सुरू झालं, पण तिथलं शिक्षण पदवीपूर्व होतं. पदवीनंतरचं व्यवसायशिक्षण १९०० मध्ये डार्टमथच्या टक स्कूलने आणलं आणि ‘एमबीए’ ही पदवी १९०८ मध्ये हार्वर्डने. पुढे हार्वर्डने ‘केस’ पद्धत रुजवली. एखाद्या कंपनीसमोरचा खरा पेच वर्गात मांडायचा आणि निर्णय विद्यार्थ्यांकडून काढून घ्यायचा, अशी ती रीत.

१९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांच्या पाठबळावर झालेले अहवाल आले. बिझनेस स्कूलमधलं शिक्षण उथळ आहे, विद्यार्थी कच्चे आहेत आणि संशोधन जवळजवळ नाहीच, असा त्यांचा सूर होता. त्यानंतर अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र यांतले पीएचडीधारक मोठ्या संख्येने आले. विषयांना खोली आली, हे निर्विवाद. पण प्राध्यापकांची बढती शोधनिबंधांवर ठरू लागली. म्हणून एखाद्या विद्यापीठात नामवंत संशोधक आहेत म्हणजे तेच तुमच्या वर्गावर येतील असं धरून चालू नये. पहिल्या वर्षाचे मूळ विषय कोण शिकवतं, हे थेट विचारावं.

प्रवेश परीक्षेची कथा याच सुमाराची. १९५३ मध्ये काही मोजक्या बिझनेस स्कूल्सनी एकत्र येऊन सामायिक परीक्षेची कल्पना मांडली आणि १९५४ मध्ये ती पहिल्यांदा झाली. जीमॅट हे नाव तिला १९७६ मध्ये मिळालं. वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेल्या अर्जदारांपैकी अभ्यास कुणाला झेपेल, याचा अंदाज शाळांना हवा होता. म्हणजे एखाद्या विद्यापीठाची जीमॅट सरासरी तिथे कोण येतं ते सांगते. आल्यावर त्यांचं काय होतं, याबद्दल ती गप्प असते.

युरोपने वेगळा रस्ता धरला. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या इन्सीअॅडने एका वर्षाचा एमबीए रूढ केला. माझ्या मते एक वर्ष की दोन, हा प्रश्न रँकिंगच्या आधी सोडवायला हवा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप असते आणि क्षेत्र बदलू पाहणाऱ्याला तीच दार उघडून देते. एका वर्षाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत तिला जागा नसते. मात्र आपल्याच क्षेत्रात वर जायचं असेल, तर एका वर्षाचा पगार आणि फी दोन्ही वाचतात.

रँकिंगचं युग खऱ्या अर्थाने १९८८ मध्ये सुरू झालं. त्याआधी प्रतिष्ठा म्हणजे मुख्यतः डीन आणि प्राध्यापकांचं एकमेकांबद्दलचं मत. ‘बिझनेसवीक’ या अमेरिकन मासिकाने नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी आणि नोकरी देणाऱ्या कंपन्यांनाच विचारलं आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं केलॉग स्कूल पहिलं आलं. १९९९ पासून ‘फायनान्शियल टाइम्स’ही जागतिक यादी काढू लागलं. त्यात पदवीनंतर तीन वर्षांनी मिळणारा पगार आणि पगारातली वाढ यांना मिळून अनेक वर्षं ४० टक्के वजन होतं. शिवाय हे पगार त्या त्या देशातल्या क्रयशक्तीनुसार, म्हणजे तेवढ्या पैशात तिथे किती विकत घेता येतं त्यानुसार, बदलून घेतले जातात. यादीतला आकडा म्हणूनच बँकेत जमा होणारा आकडा नव्हे. परदेशी कर्जाचा हप्ता क्रयशक्तीच्या हिशेबाने फेडता येत नाही, हे कर्ज काढून जाणाऱ्याने विसरू नये.

क्रमांकाचं महत्त्व वाढलं तसा मोहही वाढला. टेंपल विद्यापीठाच्या फॉक्स स्कूलचा ऑनलाइन एमबीए एका प्रसिद्ध यादीत सलग चार वर्षं पहिला होता. प्रवेश घेतलेल्या सर्व २५५ जणांचे जीमॅट गुण आहेत, असं कळवलं गेलं होतं. प्रत्यक्षात ते ५० जणांचेच होते. २०१८ मध्ये हे उघड झालं आणि पुढे माजी डीनला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

मानांकनाबद्दल थोडक्यात. मानांकन देणाऱ्या संस्थांपैकी अमेरिकेतली एएसीएसबी १९१६ मध्ये स्थापन झाली, ब्रिटनमधली अँबा १९६७ मध्ये, आणि युरोपातलं इक्विस हे मानांकन १९९७ मध्ये आलं. एएसीएसबी १९९१ पासून शाळेने स्वतः ठरवलेल्या ध्येयाच्या संदर्भात तिला तपासते. त्यामुळे मानांकन नसेल तर चौकशी करावी, पण एकच शिक्का असलेल्या दोन शाळा अगदी वेगळ्या असू शकतात.

उरला प्लेसमेंटचा आकडा. पदवीनंतर तीन महिन्यांच्या आत किती जणांना नोकरी लागली, हे सांगायची पद्धत रूढ आहे. पण ही टक्केवारी ‘नोकरी शोधणाऱ्यां’पैकी काढतात. समजा २०० जण उत्तीर्ण झाले. त्यातले ४० जण जुन्या कंपनीत परतले, स्वतःचा धंदा काढला किंवा माहितीच दिली नाही, म्हणून बाजूला काढले. उरलेल्या १६० पैकी १५२ जणांना नोकरी लागली, की अहवालात ९५ टक्के छापून येतात. २०० च्या हिशेबाने ते ७६ टक्केच. यात लबाडी नाही. कंपनीने पाठवलेला माणूस नोकरी शोधतच नसतो. पण ते ४० जण कोण, हे अहवालाच्या तळटीपेत असतं. पगाराची सरासरी किती जणांनी दिलेल्या माहितीवर काढली, तेही बहुधा तिथेच सापडतं.